बसून खाणारी मेमरी

माझ्या पर्समध्ये कंगवा सापडेलच याची खात्री नसे, पण एक स्क्रूड्रायव्हर, एक पांढरा खोडरबर आणि मनगटाला बांधायचा वायरवाला पट्टा हमखास सापडे. नाशिकमध्ये संगणक विकणाऱ्या, आणि विकून झाल्यावर दुरुस्त करत बसणाऱ्या एका एजन्सीत मी सर्व्हिस इंजिनिअर होते. नव्वदच्या दशकात लागले आणि पुढचं दशक सरता सरता बाहेर पडले. मधल्या काळात सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून नांदगावच्या आडत दुकानांपर्यंत असंख्य मशिनांची झाकणं उघडली. प्रत्येक झाकण उघडण्याआधीचा संवाद मात्र ठरलेला असे.

"या मॅडम, बसा. इंजिनिअर मागून येताहेत का?"

"मीच इंजिनिअर."

"हो का? बरं, बरं. चहा सांगू?"

चहा येईपर्यंतच्या वेळात तो गृहस्थ आतल्या खोलीत जाऊन आमच्या मालकांना फोन करी आणि खात्री करून घेई. मालक म्हणजे पाटणकर. ते फोनवर ठासून सांगत, "आमची देवरे अगदी पुरुषासारखं काम करते हो." हे कौतुक आहे, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण पगारवाढ त्यांच्याच हातात होती.

खोडरबराचं सांगते, कारण आमच्या धंद्याची निम्मी अब्रू त्याने राखली. संगणकाची मेमरी म्हणजे हिरवी, बोटभर रुंदीची एक पट्टी. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, ते मशीनमधल्या खाचेत बसतात. धूळ, दमट हवा, कारखान्यातलं तेल यांनी त्या दातांवर पुटं चढतात आणि मशीन एके दिवशी तोंड फिरवून बसतं. पट्टी काढायची, दात खोडरबराने हलकेच घासायचे, फुंकर न मारता कोरड्या ब्रशने झटकायचे, परत बसवायची. मशीन सुरू. अंबडच्या एका कारखान्यात महिनाअखेरीस पगाराचं मशीन असं बंद पडलं होतं. मी दात घासले, मशीन लावलं, हिशेबनीस आनंदाने जवळ आले आणि म्हणाले, "वा. काय बदललंत?"

"काही नाही. साफ केलं."

"कशाने?"

मी खोडरबर दाखवला. त्यांचा चेहरा असा पडला, की वाटलं पगार आता ते स्वतःच अडवतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटणकरांना कळवलं, की तुमच्या मॅडम शाळेच्या दप्तरातल्या वस्तू घेऊन येतात. तेव्हापासून पाटणकरांनी नियमच करून टाकला: खोडरबर गिऱ्हाइकाकडे पाठ करून वापरायचा, आणि झाकण लावण्याआधी थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने आत बघत बसायचं. हा नियम मी पाळला. त्यानंतर तक्रार आली नाही, उलट दोनतीन ठिकाणी पेढे मिळाले.

मनगटाच्या पट्ट्याचीही तीच कथा. आमच्याकडे थंडीत हवा इतकी कोरडी होते, की लोकरीचा स्वेटर काढताना अंगातून ठिणग्या उडतात. आपल्याला तो नुसता चटका, पण मेमरीच्या पट्टीचा त्यात जीव जातो. म्हणून पट्टा मनगटाला बांधून त्याची वायर मशीनच्या लोखंडाला जोडायची, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. पिंपळगावच्या एका वॉचमनने मला भक्तिभावाने विचारलं होतं, "ताई, कोणत्या महाराजांचा गंडा म्हणायचा?" मी म्हटलं, "पाटणकर महाराजांचा." त्याने हात जोडले.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. ती समजायला थोडं यंत्राचं सांगावं लागेल, पण घाबरू नका, स्वयंपाकघराबाहेर मी नेणार नाही.

संगणकाची डिस्क म्हणजे कोठीची खोली. तिथे सगळं भरून ठेवलेलं असतं. मेमरी म्हणजे ओटा. जे काम चाललंय ते सगळं ओट्यावर मांडलेलं. वीज गेली की ओटा रिकामा, कोठी तशीच. घरच्या संगणकाची मेमरी बिघडली तर फार तर एखादं पत्र पुन्हा टाइप करावं लागतं. पण सर्व्हर नावाच्या मोठ्या मशीनवर एकाच वेळी सगळ्या ऑफिसचं काम मांडलेलं असतं. ओटा मोडला तर सगळ्यांचंच जेवण मातीत. म्हणून दोन हजार सालानंतर अशी मशिनं आली, ज्यांत ओटे दोन. एका ओट्यावर जे मांडाल तेच हुबेहूब दुसऱ्यावर मांडलं जातं, त्याच क्षणी. एक ओटा मोडला तर दुसऱ्यावर काम चालू राहतं, जेवणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. मोडलेला ओटा, मशीन चालू असतानाच, काढून नवा बसवायचा. मग शाबूत ओटा आपल्यावरचं सगळं नव्यावर मांडून देतो आणि पुन्हा जोडी जमते.

हे सगळं सर्व्हरच्या सेटअपच्या निळ्या पडद्यावर एकदा ठरवून द्यावं लागतं. तिथे योग्य पर्याय निवडला की झालं. एकच गोची होते. त्यानंतर मशीन तुम्हाला निम्मीच मेमरी दाखवतं, कारण उरलेली निम्मी नक्कल करण्यात गुंतलेली असते. आणि पैसे मोजून आणलेली वस्तू निम्मी दिसणं, हे आपल्याकडे कोणालाच खपत नाही.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार संघाला पाटणकरांनी असा सर्व्हर विकला. संघाचं हायवेलगत द्राक्षं पेट्यांत भरायचं पॅकहाउस होतं, मागे शीतगृह. माल परदेशात जायचा, आणि तिकडच्या खरेदीदाराला प्रत्येक पेटीवर ती कोणाच्या बागेतली आहे हे सांगणारं लेबल लागायचं. लेबल सर्व्हरवरून निघायचं. सर्व्हर बंद म्हणजे लेबल बंद, लेबल बंद म्हणजे कंटेनर जागेवर, आणि तोडलेलं द्राक्ष काही चेअरमनची सही होईपर्यंत वाट बघत नाही.

चेअरमन होते अण्णा. एका वेलीवर किती घड ठेवायचे आणि किती कात्रीने उडवायचे हे नुसत्या नजरेने सांगणारा पक्का बागायतदार. जे फळ देत नाही ते छाटायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. हंगामाच्या तोंडावर संघाची सर्वसाधारण सभा झाली, आणि त्या सभेत एका संचालकांच्या पुतण्याने, विक्रांतने, उभं राहून सांगितलं की संघाने घेतलेल्या मशीनमध्ये निम्मी मेमरी गायब आहे. विक्रांत गावात संगणकाचा क्लास चालवत असे. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

अण्णांच्या केबिनमध्ये विक्रांत आधीच बसला होता. दाराशी गांगुर्डे उभा होता, संघाचा ऑपरेटर. त्याच्याबद्दल नंतर सांगते.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "बिलावर लिहिली तेवढी मेमरी मशीनमधी हाय का नाय?"

"आहे अण्णा. सगळी आहे."

"मंग मशीन निम्मीच का सांगतंय?"

मी दोन ओट्यांची गोष्ट सांगितली. अण्णांनी ती लक्ष देऊन ऐकली.

"म्हंजे निम्मी बसून खाती."

"बसून नाही अण्णा. तीही तेवढंच काम करते. फक्त ते मोजलं जात नाही."

"मोजलं जात नाय ते काम मी सभेला कसं सांगू?"

"तुमच्या शीतगृहाला जनरेटर आहे ना? तोही वर्षभर बसूनच असतो. लाइट गेली तर हवा म्हणूनच ठेवलाय."

मला वाटलं, आता निरुत्तर होतील. पण अण्णा काही साधे नव्हते.

"जनरेटर बसून असतो, पण दिसतो," ते म्हणाले. "सभासद आला की मी त्याला शेडमधी नेतो, सुरू करून दाखवतो. धूर निघतो, आवाज येतो. माणसाचं समाधान होतं. तुमची मेमरी मी कुणाला दाखवू?"

विक्रांतने तेवढ्यात पाचर मारली. "अण्णा, सेटिंगच बदलायचंय. मी आत्ता करून देतो. फुकटात दुप्पट मेमरी."

'फुकटात' आणि 'दुप्पट' हे दोन शब्द एका वाक्यात आल्यावर सहकारी संस्थेच्या चेअरमनला आवरणं अवघड असतं. मी अक्षरशः गयावया केली. सांगितलं, की हंगामात मेमरीने दगा दिला तर रांगेने कंटेनर दारात उभे राहतील आणि विक्रांतची दुप्पट मेमरी त्यांच्या पुढ्यात नाचवता येणार नाही. अण्णांनी बराच विचार केला आणि निवाडा दिला.

"ठीक. ह्या सीझनला मशीन एकदा बी थांबलं नाय, तर ऱ्हाऊ द्या तसंच. आन् गांगुर्डे, तुझं बी तेच. सीझन बिनबोभाट पार पडला तर तुला कायम करतो. मशीन थांबलं, तर ती जागा विक्रांतची. मंजूर?"

"मंजूर अण्णा," गांगुर्डे म्हणाला.

तर हा गांगुर्डे. संघात तो कित्येक वर्षं रोजंदारीवर होता. नेमणूक ऑपरेटर म्हणून, पण वजनकाट्यावरचा कारकून आला नाही तर गांगुर्डे, जनरेटरवाला लग्नाला गेला तर गांगुर्डे, शीतगृहाचं तापमान लिहिणारा आजारी पडला तरी गांगुर्डेच. संघात कोणीही गैरहजर राहिलं तरी काम अडत नसे, त्यामुळे गैरहजर राहायला कोणालाही संकोच वाटत नसे. कायम करायचा विषय दरवर्षी निघे आणि सीझन संपला की लांबणीवर पडे. त्या दिवशी मला टेम्पोपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, पोरानं शाळेत सांगून ठेवलंय, वडील नोकरी करत्यात. तेवढं खरं झालं म्हंजे बास."

मी त्याला मशीनपुढे उभं करून एकच गोष्ट शिकवली होती. आत दोन मोठे बोर्ड, मेमरीच्या पट्ट्या त्यांवर बसवलेल्या. प्रत्येक बोर्डाला तो सोडवायचा एक खटका आणि एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे तो बोर्ड गेला. काढायचा तो पिवळा. हिरव्याला हात लावायचा नाही, कारण मग सगळं काम त्या एकट्यावर उभं असतं.

हंगाम ऐन भरात असताना त्याचा फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, एक दिवा पिवळा झालाय."

"मशीन?"

"चालू हाय. लेबलं निघतायत. कुणाला काय पत्ता नाय."

मला खरं तर नाचावंसं वाटलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना समजावलं ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर घडत होतं. एक बोर्ड गेला आणि एका पेटीचंही लेबल चुकलं नाही. मी सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या मुंबईच्या मदतकेंद्राला फोन लावला. मशीन हमीत होतं, नवा बोर्ड फुकट मिळायला हवा होता.

"मशीन बंद आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही. चालू आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"अर्धी मेमरी गेली आहे."

"पण मशीन चालू आहे."

"हो, त्यासाठीच तर ते मशीन घेतलं ना."

"मॅडम, चालू मशीनची तक्रार घेता येत नाही. बंद पडलं की फोन करा, लगेच माणूस पाठवू. नाहीतर गिऱ्हाइकाचं लेखी आणा, की मशीन बंद आहे."

मी पिंपळगावला गेले. अण्णांना म्हटलं, बंद आहे असं दोन ओळी लिहून द्या. अण्णांनी हात झटकले. "बंद हाय असं लिहून देऊ? उद्या कागद सभेत फिरला तर? आन् चालू मशीनला बंद म्हणायचं तरी कसं?" गांगुर्डेकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला. बंद हा शब्द कागदावर उमटला, की त्याची जागा गेली. पाटणकरांना विचारलं, तर ते म्हणाले, "देवरे, चालतंय ना? मग आपण कशाला बोभाटा करायचा?"

असा तो पेच होता. मशीन इतकं चांगलं, की त्याचा बिघाड मान्य करायलाच कोणी तयार नाही. आणि सगळा संघ, सगळे कंटेनर, गांगुर्डेची नोकरी, सगळं एका उरलेल्या हिरव्या दिव्यावर. मी रोज सकाळी फोन करून विचारायचे, "हिरवा आहे ना?" तो म्हणायचा, "हाय." एवढंच आमचं बोलणं.

तोड काढली ती अण्णांनीच. हे मी मान्य करते, की तसली तोड कोणत्याही इंजिनिअरला सुचली नसती.

"मॅडम, तुम्ही म्हणला व्हता ना, मशीन चालू असताना मेमरी बदलता येती?"

"हो."

"मंग हे दुरुस्तीचं काम नाय. हा कार्यक्रम हाय."

आणि खरोखरच त्यांनी कार्यक्रम ठरवला. पत्रिका छापली: चालू संगणकात मेमरी बदलण्याचा समारंभ. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले कंपनीचे मुंबईचे एरिया मॅनेजर, मेहेंदळेसाहेब. 'आपल्या शुभहस्ते' म्हटल्यावर मदतकेंद्राचे सगळे नियम गळून पडले आणि साहेब नवा बोर्ड स्वतःच्या गाडीतून घेऊन आले. शिवाय सगळ्या सभासदांना निम्मी मेमरी एकदाची याचि देही दिसणार होती. अण्णांचं कौतुक वाटलं मला. एका नारळात त्यांनी कंपनी, सभा आणि विक्रांत अशा तिघांना गप्प केलं होतं.

पॅकहाउसच्या आवारात मांडव घातला. सर्व्हर ऑफिसच्या खोलीत होता, तो हलवायचा नाही म्हणून मी आडवी आले, तेव्हा खोलीच्या खिडक्या काढून टाकल्या आणि लोक बाहेरून बघायला उभे राहिले. आत कर्णा लावला. मशीनला हार घातला, तो मी हवेच्या झरोक्यावरून दोनदा काढला आणि दोनदा पुन्हा घातला गेला. मी मनगटाला पट्टा बांधून मशीनजवळ उभी राहिले, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अरे, लेडीजमधी कोन हाय? ताट कुणाच्या हातात देऊ?" खोलीत बाई मी एकटीच. हळदीकुंकवाचं, नारळाचं, पेटत्या निरांजनाचं ताट माझ्या हातात आलं आणि मी आपोआप चार पावलं मागे, भिंतीशी ढकलली गेले. त्या समारंभात मशीन उघडता येणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्या दोन्ही हातांत निरांजनाचं ताट होतं.

मेहेंदळेसाहेब मोठे लाघवी गृहस्थ. विकण्यात हुशार. मशीन आतून त्यांनी बहुधा माहितीपत्रकातच पाहिलं असावं. मी लांबूनच सांगितलं, "साहेब, पिवळा दिवा." ते हसून म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." गांगुर्डे झाकण धरून शेजारी उभा होता. साहेबांनी हात पिवळ्याकडे नेला.

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा इकडनं घ्या. तिकडं तुमच्या तोंडावर अंधार येतोय."

आणि साहेब सरकले. फोटोच्या उजेडात नेमका हिरवा बोर्ड येत होता. त्यांनी त्याचा खटका उचलला.

खटका चुकीचा उचलला तर मशीन किंचाळतं. तशी सोयच केलेली असते. ते किंचाळलं. मी ओरडले, "नको, तो नको." पण मशीनची शिट्टी ऐकून लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, आणि खिडकीबाहेरून जोरदार टाळ्या पडल्या. बाहेर ताशा वाजायला लागला. साहेबांना वाटलं, आपण बरोबर चाललोय. त्यांनी बोर्ड ओढायला हात घट्ट केला.

गांगुर्डेने झाकण सोडलं आणि साहेबांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, मागे दाबलं. खटका खाली बसला. शिट्टी थांबली. "सोडा साहेब," तो म्हणाला, "सोडा म्हणतो ना." साहेबांच्या हातातलं घड्याळ निसटून खाली पडलं. झाकण मशीनवर आपटून मोठा आवाज झाला. टाळ्या थांबल्या. ताशा मात्र आणखी थोडा वेळ वाजत राहिला, कारण ताशेवाल्यांना आतलं काही दिसत नव्हतं.

मी ताट खाली ठेवलं, पुढे गेले, पिवळ्या दिव्याचा बोर्ड काढला, नवा बसवला. नव्याचा दिवा लुकलुकत राहिला, जुना त्याच्यावर सगळं मांडून देत होता, आणि मग तोही हिरवा झाला. पलीकडच्या खोलीत लेबलं निघतच होती. मशीन थांबलं नाही. सीझनभर थांबलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, गांगुर्डेचं काम झालं.

हंगाम संपल्यावर कळलं, जागा विक्रांतला दिली.

मी तशीच पिंपळगावची बस पकडली. अण्णांना सगळं नीट सांगितलं: साहेब काय ओढायला निघाले होते, ते निघालं असतं तर काय झालं असतं, कोणी वाचवलं. रागाने माझा आवाज चढला होता, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

अण्णा शांतपणे ऐकत होते. "मला कळतंय, मॅडम," ते म्हणाले. "मी येडा नाय. पण सभेनं काय पायलं? पाहुणा आपल्या दारात आला व्हता, त्याचा हात धरला ह्यानं. घड्याळ फुटलं. मशीनला तर काय झालंच नाय."

"त्याच्यामुळेच झालं नाही."

"तेच तर. जे झालंच नाय ते मी सभेला कसं दाखवू? बंद पडलं असतं आन् ह्यानं सुरू केलं असतं, तर मीच त्याला हार घातला असता."

"तुम्ही शब्द दिला होता."

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्याला काढला नाय आपण. रोजंदारीवर हाये तसा ऱ्हाईल. विक्रांत सुटीवर गेला तर लागंलच की कोणतरी."

मी खुर्चीवरून उठले. निरोपाचा नमस्कारही केला नाही. बाहेर गांगुर्डे वजनकाट्यावर बसला होता, कारण कारकून आला नव्हता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम. मशीन थांबलं नाय, त्यात आपलं आलं सगळं."

पुढच्या हंगामाआधी तो विंचूरला एका वाइनच्या कारखान्यात लागला. एकदा बसस्टँडवर भेटला तेव्हा त्याने छातीवरचं ओळखपत्र मला वाचून दाखवलं. त्यावर त्याचं नाव होतं आणि खाली 'कायम' असं नव्हतं, पण पगारपत्रकावर आहे, असं त्याने सांगितलं. मुलाने शाळेत सांगितलेलं खरं झालं होतं.

संघाच्या सर्व्हरच्या खोलीतला एसी दरम्यान मीटिंग हॉलमध्ये हलला. मशीनला गारवा कशाला, ते तर बसूनच असतं, असा ठराव झाल्याचं ऐकलं. नंतरच्या हंगामात, कंटेनर दारात उभे असताना, अण्णांचा फोन आला. मशीन बंद पडलं होतं. पूर्ण बंद. लेबल नाही, काही नाही. मी पोचले तेव्हा आवारात पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि माणसं डोक्याला हात लावून बसली होती. झाकण उघडलं. हिरवा दिवा कुठेच नव्हता.

"विक्रांत, आधी एक दिवा पिवळा झाला असेल ना?"

"तो तर दिवाळीपासून पिवळाच आहे," विक्रांत म्हणाला. "मशीन चालू होतं. मला वाटलं, तो तसाच असतो."

अण्णा माझ्या मागे उभे होते. "मॅडम, पण ती दुसरी मेमरी व्हती ना? बसून खाणारी? ती कुठं गेली?"

"तीच चालवत होती अण्णा. दिवाळीपासून एकटी."

अण्णांनी वाकून दोन्ही दिवे पाहिले. मला वाटतं, त्यांना ते त्या क्षणी नीट समजलं. बागायतदार माणूस, समजायला वेळ लागला तरी समजतं. मग हळू आवाजात म्हणाले, "गांगुर्डेचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"आहे. पण तो विंचूरला आहे. कायम झालाय."

"असं," अण्णा म्हणाले. त्यांनी आवारातल्या थप्प्यांकडे पाहिलं, मग विक्रांतकडे, मग माझ्याकडे.

"मंग तसाच दुसरा कोण असंल तर बघा की, मॅडम. रोजंदारीवर."